काटेवाल्या

माझी मावशी एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. वय सत्तेचाळीस, आणि जीव कार्टूनमधल्या साळू नावाच्या साळिंदरावर. हसा खुशाल, आधी मीही हसायचे.

साळूच्या चाहत्यांच्या ग्रुपवर पुरुषांची गर्दी. त्यांनी बायकांना परस्पर नाव देऊन टाकलं, ‘साळूच्या वहिन्या’. मावशीचं डोकंच फिरलं. "हे कोण टिकोजीराव आमचं बारसं करणारे?"

तिने अकरा बायकांचा वेगळा ग्रुप काढला. नियम एकच. आत यायचं तर आधी स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं पाठवायची, म्हणजे बाईच आहे याची खात्री पटते. गेल्या आठवड्यात बारावी आली. घसा बसलाय म्हणून नुसती कुजबुजली. मावशीला दया आली, घेतलं तिला. तेव्हापासून बारावीच्या चौकशा संपेनात. कुठे काम करता? घरी कोणकोण असतं?

काल सगळ्यांनी मिळून नाव ठरवलं, ‘काटेवाल्या’. बाहेर कुणाला सांगायचं नाही, असंही ठरलं.

आज दुपारी मावशी इस्त्री करत असताना तिचा सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. कानाशी वाकून कुजबुजला, "काय काटेवाली, आज काटे कुठे ठेवलेस?"

आवाज तोच होता. मावशीचा हात जागच्या जागी थिजला. तो शांतपणे आपल्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला.

फोन वाजला. ग्रुपवर बारावीचा मेसेज होता, "मावशी, चादर करपतेय."