काही घेता का?

माझा मामा गोदामात क्रेन चालवतो. एवढ्या उंचावर बसतो म्हणून सगळे त्याला ‘घार’ म्हणतात. बोलतोही क्रेनसारखाच. शब्द आकड्याला अडकवायचा, जरा झुलू द्यायचा, मग अलगद खाली. “हं... येऊ दे... टेकव.” मामी गेली आणि त्याची झोपच उडाली. शेवटी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली.

कुणी नशा करतं का हे बघायला गोदामात अधूनमधून लघवी तपासतात. यंदाच्या नर्सबाई घाईत होत्या. नाकातून सूर लावत त्यांनी विचारलं, “काही घेता का हो काका?”

मामाला ते लागलं. आमच्या घराण्यात कुणी बाटलीला हात लावलेला नाही. “थेंबसुद्धा नाही,” तो म्हणाला.

बाईंनी विचारलं होतं औषधाचं. मामाने उत्तर दिलं दारूचं.

तपासणीत गुंगीच्या औषधाचा अंश निघाला. साहेबांनी क्रेनची किल्ली काढून घेतली, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालंच, घार पिऊन उडते म्हणे. मामाने भरला डबा तसाच घरी आणला.

आईने विचारलं, “दादा, गोळीचं सांगितलंस ना?”

“गोळीचं कुणी विचारलं? ती म्हणाली, घेता का.”

आईने कपाळाला हात लावला आणि गोळ्यांचं पाकीट, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन भावाला गोदामाच्या डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. बाईंनी शांतपणे समजावलं. झोपेच्या काही गोळ्या या तपासणीत दिसतात, काही दिसत नाहीत. पहिली तपासणी ढोबळ असते, नेमकं औषध कळायला तोच नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

तिथून आलं ते चिठ्ठीतल्याच गोळीचं नाव. मामावरचा डाग पुसला गेला. साहेबांनी किल्ली टेबलावर ठेवली, मामाचा हात पुढे झाला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एक राहिलं. सकाळी जड वाटतं का?”

मामा थबकला. “कशाचं विचारताय ते आधी नीट सांगा.”

“डोकं. उठल्यावर, क्रेनवर चढताना.”

नाही म्हटलं असतं तर किल्ली खिशात होती. मामाने पुढे केलेला हात मागे घेतला.

“असतं,” तो म्हणाला.

गोळी सुटेपर्यंत आता तो खालीच असतो. वरच्या नव्या पोराला हाताने खुणा करतो. ओझं खाली येताना मात्र त्याचे ओठ हलतात.

“हं... येऊ दे... टेकव.”