नगरच्या हॉटेलातला पडदा

एकाहत्तर साली टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी आम्ही दोघी ऑपरेटर पुण्याहून आठवडाभर नगरला गेलो होतो. रविवारी चांदबिबीचा महाल चढून पायांचे तुकडे पडले आणि पोटात कावळे ओरडू लागले. गावात परतून एका हॉटेलात शिरलो. वेटरनं आम्हाला फॅमिली रूममध्ये बसवलं, पडदा ओढला आणि म्हणाला, “सायेब आले की आर्डर घेतो.”

पंधरा मिनिटं तो फिरकलाच नाही. माझं डोकं फिरलं. पडदा सर्रकन सारून मी ओरडले, “साहेब कुणी येणार नाहीत. दोन मिसळ आणा!”

सगळं हॉटेल बघत राहिलं. मिसळ इतकी झणझणीत, की दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या.

वेटर हळूच म्हणाला, “पडदा लावू का, बाई?”

मी नाक पुसलं. “राहू दे. आणखी दोन आणा.”