नुसता हात लावून ये

पहिली पोथी माझ्या पायाशी येऊन पडली तेव्हा वाटलं, गड्याच्या हातून निसटली. मी वाकून उचलली. दुसरी खांद्याला लागली. तिसरीची लाकडी फळी फुटली आणि पानं अंगणातल्या शेणमातीत पसरली. तेव्हा कळलं. ओसरीवरून फेकताहेत.

परंड्यातल्या एका मोठ्या जमीनदाराचं घर. मालक लोडाला टेकून बसले होते. तोंडात पान. गडी कपाटातून पोथ्या काढायचा, ओसरीच्या कडेला यायचा आणि खाली टाकायचा. मी पायरीखाली उभी होते. हातात देता येईल इतकी जवळ. हात पुढे केलेही होते. तो माझ्या हातांकडे बघत नव्हता. मोकळी जागा बघून टाकत होता. गुरापुढे वैरण टाकावी तशी.

"हळू," मी म्हणाले. "जुना कागद आहे. तुटतो."

मालकांनी पिंक टाकली. "तुटू दे. आता तुजंच हाय ते."

पिंकेचे शिंतोडे एका उघड्या पानावर उडाले. मी ते पदराने टिपलं. शाई आणि लाळ एक होऊन पदराला लागली. 

थोड्याच वेळापूर्वी याच माणसाने "बसा बाई" म्हणून माझ्यासाठी ओसरीवर सतरंजी टाकायला लावली होती.

मी हैदराबादला विद्यापीठाच्या कुतुबखान्यात, म्हणजे ग्रंथालयात, नोकरीला आहे. मराठी आणि संस्कृत पोथ्यांचा विभाग माझ्याकडे. पोथी कशावर आहे ते ओळखायचं, सुटी पानं जुळवायची, नोंद करायची, अभ्यास करणाऱ्याला हवी ती काढून द्यायची. माझी शाळा मिशनची, इंग्रजी. ग्रंथालयाचं काम मद्रासला शिकले. मोडी वाचायला कुतुबखान्यातच बसून शिकले. आमचं मूळ गाव माकणी. आजोबा तिथल्या महारवाड्यात जन्मले, पुढे ख्रिस्ती झाले. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. मी फार बोलत नाही. शाळेत शिकवलं होतं, नीटनेटकं राहा, हळू बोला, नखं स्वच्छ ठेवा, म्हणजे लोक मान देतात. मी नखं फार स्वच्छ ठेवत असे.

नोकरी कच्ची होती. ती पक्की करणं आमच्या डॉक्टरसाहेबांच्या हातात. ते कुतुबखान्याचे प्रमुख. विलायतेत शिकून डॉक्टर झालेले. सुधारक माणूस. सगळ्यांसमोर माझ्या डब्यातली भाकरी खात, आणि खाल्ली हे चार ठिकाणी सांगत.

उस्मानाबाद जिल्ह्यात पोथ्या गोळा करायचा दौरा त्यांनीच काढला आणि मला बरोबर घेतलं. मला वाटलं, माझं काम त्यांना पटलंय. परंड्याला मुसाफिर बंगल्यात उतरलो. सकाळी ते म्हणाले, "माझं पोट बिघडलंय. तू पुढे हो. मालक कपाटभर पोथ्या देणार आहेत. पण हिरव्या कापडी बासनात बांधलेली एक पोथी आहे, औषधी झाडांच्या चित्रांची. ती आधी हातात घे. बाकीचं मग."

मी निघाले तसे ते पायरीपर्यंत आले. "आणि जात विचारली तर खरं सांग. लपवण्यासारखं त्यात काही नाही."

मला भरून आलं. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला हे सांगावं.

मालकांनी विद्यापीठाचं पत्र वाचलं, माझा चष्मा बघितला, माझं बोलणं ऐकलं आणि काय समजायचं ते समजून घेतलं. कपाटातल्या पोथ्या त्यांना नकोच होत्या. वडील गेल्यापासून वाचणारं कुणी नव्हतं. वाळवी लागली होती, आत उंदरांच्या लेंड्या होत्या. हिरवं बासन मात्र चौरंगावर, वेगळं.

"ही बघा. पण ही द्यायची न्हाय," मालक म्हणाले. "आमची आक्का हिच्यातनंच औषीद देती. निम्मं परंडं येतंय तिच्याकडं."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दाराआड उभी होती.

मालकांनी स्वतः बासन सोडलं आणि पोथी माझ्या दोन्ही हातांत ठेवली. पानापानावर एकेक झाड. मुळंसुद्धा रंगवलेली, बारीक तंतूंसकट. अशी पोथी मी कधी बघितली नव्हती. मी पान उलटलं.

"त्यो अडुळसा हाय," आक्का दारातून म्हणाली. "लेकरांच्या खोकल्याला लई गुण. नेटानं नका धरू बाई, कोपरा गेलाय त्याचा."

मी धरायची पद्धत बदलली. ती खूश झाली.

मग मालकांनी विचारलं, "गाव कंचं म्हनायचं तुमचं?"

"माकणी."

"माकणीत कुनाच्या?"

मी सांगितलं. आजोबांचं नाव सांगितलं, कुठे राहत ते सांगितलं. साहेबांनी सांगितलं होतं तसं. खरं.

कुणी ओरडलं नाही. मालक उठले, धोतराचा सोगा सावरून चार पावलं मागे सरकले. गड्याला म्हणाले, "हिला खाली उतरीव."

गड्याने कोपऱ्यातली काठी घेतली आणि काठीने पायरी दाखवली. मी पोथी चौरंगावर ठेवली आणि खाली उतरले. माझ्यामागे त्याने सतरंजी काठीनेच गोळा केली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. मघाशी मला "नेटानं नका धरू" म्हणणारी आक्का आत रडायला लागली होती. "बाटीवली रं माजी पोथी. आता कुनाला गुण यायचाय."

"गेली ती," मालक म्हणाले. "घरात न्हाय ठिवायची. तीबी दे तिला."

दे म्हणजे टाक. सगळ्यात शेवटी हिरवं बासन आलं. काठीने ढकललेलं.

मी सगळं गोळा केलं. पानं झटकली, जमली तेवढी जुळवली. माझ्या मनात राग नव्हता अजून. लाज होती. आपल्यामुळे चूक झाली, नको ती पोथी आली, आता साहेबांना काय सांगायचं. हे लिहायची मला आज किळस वाटते, पण तेव्हा मी हाच विचार करत होते.

बैलगाडीतून पोथ्या घेऊन बंगल्यावर पोचले. डॉक्टरसाहेबांचं पोट बरं होतं. व्हरांड्यात ते गावातल्या एका वकिलाबरोबर कांद्याची भजी खात होते. हिरवं बासन दिसलं तसे उठले, हात पुसले आणि पोथी उघडून मिटक्या मारत बघू लागले.

"साहेब, ती द्यायची नव्हती," मी म्हणाले. "मी हात लावला म्हणून त्यांनी टाकली. परत करायला हवी."

ते हसले. "परत कशी करणार? तू हात लावलास ना?"

मग वकिलाकडे वळून इंग्रजीत म्हणाले, इतकी पत्रं लिहिली, मोठमोठ्यांची शिफारस आणली, हा माणूस हलला नाही. हिला पाठवलं आणि सकाळभरात काम झालं. मला इंग्रजी येतं हे त्यांना माहीत होतं. समोर टेबल आहे की मी आहे याने त्यांना फरक पडत नव्हता.

वकील हसून हसून ठसकला. "वा साहेब. आमची वकिली वाया गेली म्हना की. उद्यापासनं हिलाच घिऊन जातो जप्तीला. नुसती वाड्यातनं फिरवून आणली की झालं."

साहेबही हसले. भज्याचं तेल त्यांच्या हनुवटीवर होतं.

मी उभी होते. पदराला पिंक लागलेली. ती काय आहे हे कुणी विचारलं नाही. मी माझ्या हातांकडे बघितलं. ज्या हातांनी मी फाटकी पानं जुळवते, शाई कुठल्या शतकाची ते सांगते, ते हात इथे कशासाठी आणले होते ते आता कळलं. माझं शिक्षण नको होतं. माझा विटाळ हवा होता. मालकाने तो हाकलला. यांनी तो खिशात घालून आणला, हत्यारासारखा. क्षणभर मला माझ्याच हातांची किळस आली. मग ती किळस हातांवरून उठली आणि जिथली होती तिथे गेली. समोर भजी खात बसलेल्या दोघांवर.

साहेब म्हणाले, "उद्या कळंब. तिथल्या एका अडत्याकडे ताडपत्राची पोथी आहे. तपासत बसू नकोस. नुसता हात लावून ये आणि नाव सांग."

"नाही," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नसावं. मी नेहमी हळू बोलते. मी पुन्हा म्हणाले, "मी जाणार नाही. जात विचारली तर सांगेन. पोथी काढून घेण्यासाठी सांगणार नाही."

त्यांनी समजावलं. फार मायेने. हे लोक मूर्ख आहेत, त्यांच्या मूर्खपणाचा आपण ज्ञानासाठी उपयोग करतो आहोत, तू मनाला लावून घेतेस. मग माया संपली. "तुझी नोकरी अजून कच्ची आहे, हे लक्षात असू दे."

माझ्या लक्षात होतं. दुसऱ्या कशामुळे मी सकाळपासून गप्प होते?

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पोथ्यांची पेटी उघडली. किल्ली माझ्याकडे असायची, विभाग माझ्याकडे म्हणून. हिरवं बासन घेतलं आणि त्या घरी चालत गेले.

मालक दात घासत होते. मला बघून चूळ थुंकले. "भटजींनी सांगितलंय, शुद्ध करून घेता येती. ठेव तितं खाली. गोमूत्र शिंपडून घिऊ."

त्यांनी बोट दाखवलं ती जागा अंगणात होती, चुळीच्या थारोळ्याशेजारी.

मी पायऱ्या चढले. गड्याने काठी आडवी धरली. मी थांबले नाही, तोच बाजूला झाला. पोथी चौरंगावर ठेवली, बासनाची गाठ नीट केली आणि मालकांकडे वळले.

"ही तुम्ही दिली नव्हती. फसवून घेतली होती. फसवणारा बंगल्यावर उतरलाय. तुमच्यातलाच आहे, त्याला विचारा." माझा आवाज कापत होता. कापू दिला. "काल तुम्ही स्वतः ही माझ्या हातात ठेवलीत. तेव्हा तुमचा हात झडला नाही."

त्यांनी पुन्हा राखुंडी तोंडात घातली.  आक्का दारात येऊन उभी राहिली. ती पोथीकडे बघत होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी पाठ वळवली तेव्हा मालक गड्याला गोमूत्र आणायला सांगत होते.

बंगल्यावर येऊन सगळं सांगितलं तसे साहेब संतापले. "ते आता गोमूत्रात भिजवतील ती. चित्रं जातील. अशी पोथी पुन्हा कुठे मिळणार? याला जबाबदार तू." ते एकटेच कळंबला गेले. मी सर्व्हिस मोटारीने हैदराबादला परत आले.

चित्रं गेली असतील. मला त्याचं वाईट वाटतं. साहेबांपेक्षा जास्त वाटत असेल, कारण मी ती मुळं बघितली आहेत. पण ती माझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. ज्यांनी भिजवली त्यांच्यामुळे गेली, आणि ज्याने मला तिथे पेरलं त्याच्यामुळे.

नोकरी अजून कच्चीच आहे. विभागातल्या नव्या पोथ्या आता माझ्याकडे येत नाहीत. साहेब मला कृतघ्न म्हणतात, असं कानावर येतं.

दौरा पुन्हा निघेल. मी नाव देणार आहे. पोथ्या मलाही हव्यात. पण ओसरीवर चढायच्या आधी, काहीही हातात घ्यायच्या आधी, मी कुणाची ते मी अंगणातूनच सांगणार. कुणी विचारायची वाट बघणार नाही. त्यावर ज्याला द्यायचं नसेल त्याने देऊ नये. त्याचं धन त्याच्या वाळवीला. ज्याला द्यायचं असेल त्याने उठून माझ्या हातात द्यावं. साहेबांना हे चालणार नसेल तर त्यांनी मला काढावं. लेखी काढावं, कारण लिहून काढावं. मी स्वतः होऊन ही खुर्ची सोडणार नाही.