मेंबरांची लिफ्ट
परवा शेजारच्या घरातून सुका जवळा भाजल्याचा वास आला आणि मला घोडबंदर रोडवरच्या आमच्या जुन्या फ्लॅटचा पॅसेज आठवला. कॉलेजात असताना मी आमच्या मांजरीला फिरवायला हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्टा, आणि दोरी मागवली होती. हार्नेस घातला की ती लादीवर आडवी व्हायची आणि उठायचीच नाही. मी मोबाइलवर तिला शिकवायचे इंग्लिश व्हिडिओ बघत बसायचे. शेवटी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी झाडू ठेवून म्हणाल्या, "तिला कुठं इंग्लिश समजतंय? सर गो बाय, मना बघू दे." मग रोज काम आटोपल्यावर त्या लादीवर जवळ्याची चिमूट ठेवत पुढे सरकायच्या. पंधरा दिवसांत मांजरी दोरीसकट त्यांच्या मागे चालू लागली. "खाली बागेत नेशील तवा मना बोलव हां," त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. पहिल्यांदा बागेत न्यायच्या दिवशी आम्ही दोघी मांजरीला घेऊन पुढच्या, मेंबरांच्या लिफ्टमध्ये शिरलो. आत वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या. मांजरीला बघून त्या "सो क्यूट!" म्हणाल्या आणि मग मावशींना म्हणाल्या, "तुमची लिफ्ट मागे आहे ना?" मावशी माझ्याकडे बघत बाहेर पडल्या. मागची लिफ्ट नेहमीसारखी उशिरा आली. त्या धापा टाकत बागेत पोचल्या तेव्हा मांजरीचं चालून झालं होतं आणि ती माझ्या कडेवर होती. "चालली का गो?" त्यांनी हसून विचारलं. हा किस्सा सांगताना मी नेहमी काकूंनाच नावं ठेवते. मावशी बाहेर पडल्यावर लिफ्टचं दार बंद करायचं बटण मी दाबलं होतं, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.