आबांची तीन टिंबं

आमच्या घरी गाडी आली, त्या दिवशी माझे वडील तिच्यात बसले नाहीत. आधी त्यांनी तिचं मागचं चाक काढलं.

गाडी विहारासमोर उभी केली होती आणि सगळी गल्ली गोळा झाली होती. बायका पेढ्यांची वाट बघत होत्या, पोरं काचांना नाकं चिकटवून आत डोकावत होती, आणि साठीचे आबा जॅक लावून खाली वाकले होते. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, नवी गाडी हाय ती! पंक्चर न्हाय झाल्याली!" आबांनी ऐकलं नाही. ते ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं, कारण त्यांनी चाक काढून बघावं म्हणूनच मी ती गाडी घेतली होती.

आबा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. ओलसर काळ्या वाळूचा साचा ठोकायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, निवलं की साचा फोडायचा, हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांनी जास्त करून ब्रेक ड्रम केले. ड्रम म्हणजे चाकामागचं लोखंडी भांडं; ब्रेक दाबल्यावर चाक थांबतं ते त्याच्या जोरावर. फौंड्रीत प्रत्येक मोल्डरला आपल्या साच्यात खूण करावी लागे. त्यात कौतुकाचा भाग काही नव्हता. माल नापास होऊन परत आला की कुणाच्या हातचा आहे ते सुपरवायझरला कळावं आणि त्यालाच बोलावून झापता यावं, एवढ्यासाठी ती खूण. कुणाची फुली, कुणाची आडवी रेघ. आबांची तीन टिंबं होती. जिथं पुढं लोखंड कातणाऱ्या लेथ यंत्राचं हत्यार फिरत नाही अशा कडेला ते खिळ्यानं वाळूत तीन टोचे मारायचे. लोखंडावर ते ज्वारीच्या दाण्यांसारखे उमटायचे.

मी लहान असताना रविवारी आबा मला सायकलवर पुढं बसवून कावळा नाक्यावर न्यायचे. आम्ही कडेला उभं राहून हायवेकडं जाणाऱ्या गाड्या बघायचो. दर दुसऱ्या गाडीला आबा बोट करायचे. "ती बघ. तिच्यात माझं काम हाय."

"कुठाय?"

"खाली असतंय. दिसत न्हाय."

खरं म्हणजे त्यांनाही ते कधी दिसलेलं नव्हतं. ड्रम फौंड्रीतून निघाला की लेथवर जाई, तिथून गाव सोडून जाई, आणि पुढं तो कुठल्या गाडीला लागला हे मोल्डरला कोण सांगणार? एकदोन गॅरेजांत जाऊन त्यांनी चाकांमागं डोकावून बघितलं होतं. "पावणं, काय हरवलंय का?" असं विचारून मेकॅनिकांनी त्यांना वाटेला लावलं. पण आबांचा विश्वास पक्का. एवढे ड्रम केले म्हणजे ते कुठंतरी फिरत असणारच.

सातवीत बाईंनी प्रत्येकीला उठवून वडील काय करतात ते विचारलं. माझी पाळी आली तशी मी उठून मोठ्यानं सांगितलं, "माझे आबा गाड्या तयार करतात." अख्खा वर्ग हसला. पुढच्या बाकावरची एक पोरगी मागं वळून म्हणाली, "व्हय? कंची गाडी? दाखव की!" दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. घरी आले, दप्तर भिरकावलं आणि आबांना म्हटलं, "गाडीत तुमचं काम असतंय म्हणून परत कुणाला सांगू नका. लोक हसत्यात. खोटं वाटतंय ते."

"खोटं न्हाय, बाळ," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर आबांनी ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही. रविवारी नाक्यावर जाणंही थांबलं. बारा वर्षांच्या पोरीला आपण काय मोडलं ते पुरतं कळत नसलं, तरी काहीतरी मोडलंय हे नक्की कळतं. पण माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही. आमच्याकडं जेवताना एक भाकरी जास्त वाढतात आणि विषय मिटतो. हा विषय तसा मिटला नाही. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी 'नोकरी' एवढंच लिहीत गेले.

पुढं मी शिकले, अभियंता झाले आणि कोल्हापुरातच सरकारी कचेरीत लागले. आमच्या गल्लीतली मी पहिली साहेब. तोवर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवे कारखाने उभे राहत होते आणि रस्त्यावर परदेशी नावांच्या गाड्या दिसू लागल्या होत्या. आमच्या कचेरीत तशी पहिली गाडी घेतली माझ्या शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी. ते कुरुंदवाडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मनानं चांगले, पण गाडीचा विषय निघाला की मान ताठ. मला ते बघवेना. रोज चहाच्या वेळी आमचं वाजायचं.

"साहेब, पगार इथल्या लोकांच्या करातनं घ्यायचा आणि गाडी तिकडची? सरकारी माणसानं आधी इथल्या हातांनी केलेली गाडी घ्यावी. आपणच घेतली न्हाय तर दुसऱ्यांना काय सांगणार?"

"मॅडम, भाषण झकास हाय. पण ब्रेक मारल्यावर गाडी थांबाय पायजे की! तिकडचं लोखंडच येगळं."

हे वाक्य मला मिरचीसारखं झोंबायचं. वाटायचं, ओरडून सांगावं की माझ्या बापानं तीस वर्षं याच शहरात ब्रेकचं लोखंड ओतलंय, त्याला नावं ठेवू नका. तोंडापर्यंत यायचं आणि सातवीचा वर्ग हसल्यासारखा वाटून मी गप्प बसायची. देशाबद्दल मी तासभर बोलू शकत होते, बापाबद्दल एक वाक्य निघत नव्हतं. सरकारी माणसाबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. फक्त आता त्यावर मी भाषण देत नाही.

तर दोन वर्षं असं भांडून मी पक्की देशी गाडी घेतली. आबा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तरी त्यांच्या हातचा एखादा मागं राहिलेला ड्रम नशिबानं आपल्याच गाडीला लागला असेल, अशी माझी वेडी आशा होती. आबांनी गल्लीसमोर दोन्ही मागची चाकं काढली. ड्रमवर अंगठा फिरवला, कड चाचपली. तिथं कुठल्यातरी लांबच्या कारखान्याची अक्षरं होती. टिंबं नव्हती.

"चांगला हात हाय," आबा म्हणाले. "कुठं वाळू धरल्याली न्हाय. कुणाचा हाय कुणास ठाऊक, पण माणूस शाना हाय."

मला रडू आवरेना. आईला वाटलं, आनंदानं रडतेय.

दुसऱ्या दिवशी आबांना शेजारी बसवून मी पेढे घेऊन कचेरीत गेले. आवारात सगळे गाडी बघायला आले. शेजारच्या टेबलाचे साहेब पेढा तोंडात टाकत म्हणाले, "मॅडम, झाली एकदाची देशसेवा!" त्यांची गाडी शेजारीच उभी होती, दोनेक वर्षांची, म्हणजे आबा कामावर असतानाची. आबा तिच्या मागच्या चाकाकडं एकटक बघत होते. मग माझ्याकडं न बघता ते सरळ साहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

"साहेब, राग मानू नका. तुमच्या गाडीचं एक चाक काढून बघू का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब चमकले. "का, पावणं? काय बिघडलंय?"

"बिघडलं काय न्हाय. बघायचंय."

साहेब मोठ्यानं हसले. "काढा की! मॅडमनी दोन वर्षं आमची सालटी काढली, तुम्ही चाक काढा."

आबांनी डावं चाक उतरवलं, ड्रमची कड खांद्यावरच्या टॉवेलानं पुसली आणि एकदम थांबले. कडेला एक फुली होती. "ही फुली आमच्यातली हाय," ते पुटपुटले. "नाव तिकडचं, पण ड्रम हितलाच. फुलीवाला माझ्या शेजारीच उभा ऱ्हायचा." मग उठून जवळजवळ पळतच पलीकडं गेले. उजव्या चाकाचे बोल्ट त्यांना नीट सोडवेनात, म्हणून मी पाना हातात घेतला. दोघांनी मिळून चाक काढलं. ड्रम चिखलानं आणि गंजानं माखलेला होता. आबांनी टॉवेल फिरवला, मग नखानं खरवडलं.

तीन टिंबं. ज्वारीच्या दाण्यांएवढी.

आबा उकिडवे बसून राहिले. अंगठा त्या टिंबांवरून काढेनात. त्या खुणेवरून आजवर त्यांना कुणी हाक मारली असेल ती चूक दाखवायलाच. सगळी कचेरी भोवती उभी होती, शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत, आणि काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं. आबांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते. अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं त्यांनी विचारलं,

"सांगू?"

इतकी वर्षं ते माझ्या परवानगीची वाट बघत होते. त्यांनी सांगायची मी वाट बघितली नाही. उभी राहिले आणि सातवीत बोलले होते त्याहून मोठ्यानं बोलले.

"माझे आबा गाड्या तयार करतात. हा ड्रम त्यांच्या हातचा हाय."

कुणी हसलं नाही. तिकडच्या लोखंडाचं कौतुक करणारे साहेब पँटच्या इस्त्रीची पर्वा न करता आबांशेजारी मातीत गुडघे टेकून बसले.

"कुठं?" ते म्हणाले. "मला दाखवा की."

आबांनी दाखवलं.