पाऊसबाईने पास केलेली गाडी

कारखान्यात तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. एरवी सगळे तिला पाऊसबाई म्हणत, आणि त्यात चिडवणं कमी, सोय जास्त होती. आत पलंग, ओटा, संडास असं सगळं बसवलेल्या घरगाड्या तिथे बनत. तयार झालेली प्रत्येक गाडी शेवटी एका शेडमध्ये येई, छतावर मोठा शॉवर सुटे आणि पाऊसबाई बॅटरी घेऊन आत बसे. बाहेर धो धो, आत ती एकटी. भिंतींच्या सांध्यांवरून तळहात फिरवायचा, ओल लागली तर गाडी परत पाठवायची, नाही लागली तर दारावर हिरवा स्टिकर लावून त्यावर आपला नंबर टाकायचा. कामात अवघड असं काही नव्हतं. अवघड होतं ते गाडी परत पाठवणं.

कारण तिथली पद्धतच अशी, की दिवसाच्या ठरलेल्या गाड्या बाहेर पडल्या की सगळी लाइन घरी सुटली, पगार मात्र पूर्ण दिवसाचा. त्यामुळे सकाळपासून सगळे मागे वाघ लागल्यासारखे पळत. सुतार पळत पळत स्क्रू मारी, सिलिकॉनवाला पळत पळत फटी भरी, आणि शेवटी सगळ्यांचं घोडं येऊन अडे ते पाऊसबाईपाशी. तिने गाडी परत पाठवली की अख्खी लाइन थांबणार. मग कोणाचं मूल शाळेच्या दारात उभं, कोणाची आई दवाखान्यात ताटकळलेली. तोंडाने कोणी काही बोलत नसे. पण दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहत. सुरुवातीला तिने ते सोसलं. मग शॉवर जरा लवकर बंद करू लागली. मग ज्या कोपऱ्यात पाणी येणार हे पक्कं ठाऊक, तिथे हात न्यायचंच सोडलं. खुर्च्या पुन्हा भरल्या, आणि आपण बिघडत चाललोय हे तिच्या लक्षातही आलं नाही. आलं असेल तर तिने ते लक्षात ठेवलं नाही.

तिचा दादा जन्मभर शाळेची बस चालवत आला. निवृत्त झाल्यावर त्याने आणि वहिनीने दोन खोल्यांचं घर विकून घरगाडी घ्यायची ठरवली. लोकांनी वेड्यात काढलं. दादा म्हणे, घाबरायचं काय त्यात, आमची चिमी आहे ना तिथे. चिमी म्हणजे हीच. आणि हिनेही फुशारकीने सांगून टाकलं, की तुझी गाडी मी स्वतः तपासते, तू डोळे मिटून घे.

ती गाडी शेडमध्ये आली ती नेमकी लांब सुट्टीच्या आदल्या दुपारी. कोणाची ते तिला ठाऊक होतं. पूर्ण शॉवर द्यायचा असं तिने ठरवलं होतं, आणि दिलाही बराचसा. पलंगाच्या उशाशी, खिडकीच्या वर, पाण्याची बारीक धार उतरली. तिने ती पाहिली, बॅटरीच्या उजेडात नीट पाहिली. मग खाली उतरून सुपरवायझरला म्हणाली, जरा सिलिकॉन लागेल. सुपरवायझरने शेडच्या दाराकडे पाहिलं. तिथे सगळे खांद्याला पिशव्या लावून उभे होते. सिलिकॉनवाला आला आणि आतूनच एक बोट फिरवून गेला. बाहेरून शिरणारं पाणी आतल्या बोटाने थांबत नाही, हे न कळण्याइतकी ती नवखी नव्हती. तिने स्टिकर लावला. सुट्टीत सांगू दादाला, वॉरंटी आहेच वर्षभराची, असं मनाशी म्हणाली, आणि सांगितलं नाही.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा दादा-वहिनी ती गाडी घेऊन तिच्या दारात आले. फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून चहा झाला. दादा वाटेत भेटलेल्या माणसांच्या नकला करत होता, वहिनी हसता हसता खोकत होती. रिकामे कप गाडीत ठेवायला पाऊसबाई उठली, तर वहिनी तिच्याआधी उठली आणि म्हणाली, राहू दे, आत पसारा आहे. वहिनी आणि पसारा? वहिनीच्या घरात चमचासुद्धा तिरका पडलेला कोणी पाहिला नव्हता. पाऊसबाईने कप उचलले. ती आत गेलीच.

आत न वाळलेल्या कपड्यांचा वास होता. उशाकडच्या भिंतीला तिचा हात आपोआप गेला, आणि प्लायवुड बोटाखाली दबलं. वर कोपऱ्यात काळी बुरशी चढली होती. उशा पलंगाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, म्हणजे दोघं भिंतीकडे पाय करून झोपत होती. बाहेर येऊन तिने विचारलं, वर्षाच्या आत तक्रार का नाही केली?

"केला होता फोन," वहिनी म्हणाली. "तिथल्या मुलीने दारावरच्या स्टिकरचा नंबर विचारला. ह्यांनी फोनच ठेवून दिला."

"तुझा नंबर होता तो," दादा म्हणाला. "तुझ्या पोटावर पाय देऊन मी भिंत दुरुस्त करून घेऊ?"

तशी वॉरंटी गेली. मागच्या महिन्यात वहिनीने त्याच्या परस्पर पुन्हा फोन केला होता. आता एकच वाट उरली आहे, असं तिला सांगण्यात आलं. गाडी कारखान्यातूनच गळकी निघाली असं तपासणाऱ्याने कबूल केलं, तर छत, भिंत, सगळं फुकट बदलून मिळेल. हे सांगताना वहिनीने नणंदेकडे पाहिलं नाही, पदराशी चाळा करत राहिली. तिला मागायचीही लाज वाटत होती, आणि जिला वाटायला हवी ती समोरच बसली होती.

वाटत होती की. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण डोळ्यांपुढे आधी सुपरवायझर आला, मग नोकरी आली, आणि मग त्याहून वाईट म्हणजे पुढचा प्रश्न आला, की ही एक गळकी सोडलीस, तर अशा आणखी किती सोडल्यास?

दादाने खुर्ची पुढे ओढली. "चिमे, मी एकदाच विचारतो. तू तपासलीस तेव्हा गाडी कोरडी होती ना?"

"होती."

"मग झालं."

आणि तो वहिनीला समजावू लागला, की जन्मभर कोणाला फसवलं नाही, आता म्हातारपणी खोटं बोलून कंपनीकडून उकळायचं नाही. वाटेत एखादा सुतार गाठू, जमेल तेवढं करून घेऊ. वहिनी बरं म्हणाली, आणि खोकल्याची उबळ आली म्हणून उठून बाजूला गेली. पाऊसबाईला दादाकडे बघवेना. अजून वेळ गेली नव्हती, एक शब्द फिरवायचा होता. इतकी लाज वाटूनही माणूस तोंड मिटून बसू शकतो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

तिचं उतरलेलं तोंड दादाला दिसलं. त्याने त्याचा आपल्या परीने अर्थ लावला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस गं. इतक्या गाड्या तुझ्या हाताखालून जातात, एखादीत नसेल दिसलं. आणि ती आपल्याच घरात आली, हे बरं झालं बघ. परक्याच्या गळ्यात पडली असती तर त्या बिचाऱ्याने काय केलं असतं?"

पाऊसबाई हो म्हणाली. उद्या सकाळी तिला कामावर जायचं होतं.