कोरे सोडलेले पन्नास

माझी धाकटी बहीण बँकेच्या लेखी परीक्षेला बसली तेव्हा तिचं पंचविसावं संपत आलं होतं. वयाची अट पंचवीस पूर्णपर्यंतच होती. म्हणजे ही परीक्षा हुकली की पुन्हा अर्ज करता येणार नव्हता. ती देवळाली कॅम्पला एका शाळेच्या कचेरीत, रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी काम करत होती, आणि त्या बाई जूनमध्ये परत येणार होत्या. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको आणि बहीण असे तिघं राहत होतो.

परीक्षा आमच्या दृष्टीने नवीन पद्धतीची होती. शंभर प्रश्न, एक तास, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं तर पाव गुण वजा, कोरं सोडलं तर काहीच नाही. सराव घेण्याचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं. ओझरच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. टक्के काढणं हे माझं रोजचंच काम.

दर रविवारी सकाळी ती गजराचं घड्याळ समोर ठेवून पेपर सोडवायची. मी उत्तरं ताडून वहीत लिहायचो : बरोबर पंचेचाळीस, चूक पाच, नव्वद टक्के. पन्नास प्रश्न कोरे असत. त्याचं मला काही वाटलं नाही. कारखान्यात शंभर नग आले, पन्नास तपासून झाले आणि त्यातले पाच नापास निघाले, तर आम्ही नव्वद टक्के पास असंच लिहायचो. उरलेले पन्नास पुढच्या पाळीचे. तिलाही काही वाटलं नाही, कारण आमच्या घरात माहीत नसताना ठोकून देणं हे खोटं बोलण्याच्या जवळचं मानलं जाई. ती प्रत्येक उत्तर दोनदा पडताळायची आणि मगच खूण करायची.

एका रविवारी तिने सत्तर प्रश्न सोडवले. छप्पन्न बरोबर, चौदा चूक. मी ऐंशी टक्के मांडले आणि खाली लाल शाईने लिहिलं, ‘घसरण’.

"घाई केलीस," मी म्हणालो.

"जरा अंदाजाने केले दादा, वेळ उरला होता म्हणून."

"वेळ उरला तर झालेले पुन्हा तपास."

पुढच्या रविवारी ती पुन्हा पन्नासावर आली आणि नव्वद टक्क्यांवर गेली. मी समाधान पावलो.

परीक्षेला बारा दिवस उरले होते. बायको उडदाचे पापड लाटत बसली होती आणि मी शेजारी वही घेऊन सगळ्या रविवारांची सरासरी काढत होतो. सत्त्याऐंशी आली. मी ती मोठ्याने सांगितली.

"शंभरात ना?" बायकोने विचारलं.

"सोडवलेल्यात."

तिने लाटणं थांबवलं. "मी शंभर पापड करायला बसले. पन्नास लाटले, त्यातले पाच फाटले. डबा नव्वद टक्के भरला म्हणू का?"

"अगं, उरलेले तू उद्या लाटशील."

"मी लाटीन. तिला उद्या कुठला?"

सातवी शिकलेल्या बायकोचा हिशेब बरोबर होता. परीक्षेला पुढची पाळी नसते. मी नवा कागद घेतला, सगळे भागाकार शंभराने केले, पाव गुण कापले. नव्वद टक्क्यांचे रविवार पावणेचव्वेचाळिसावर आले. सगळ्यांत वर आला तो लाल शाईचा : साडेबावन्न. मी तिला ज्या रविवारी बोललो होतो, तोच तिचा सर्वांत चांगला पेपर होता.

सांगावं की नाही, यावर मी एक दिवस घालवला. नव्वदच्या भरवशावर ती निर्धास्त होती, आणि बारा दिवसांत हा धीर गेला तर काय करायचं, हे मला कळत नव्हतं. पण चुकीचा आकडा ठेवून गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी ती कॅम्पहून आल्यावर मी तिच्यापुढे कागद ठेवला.

तिने तो नीट वाचला. "म्हणजे इतके रविवार मी चव्वेचाळिसाचीच होते?"

"पावणेचव्वेचाळीस," मी म्हणालो.

"पाव गुण तरी सोडायचा होतास रे," ती म्हणाली आणि आत निघून गेली. दोन दिवस तिने पुस्तक उघडलं नाही. बायकोशी बोलत होती, माझ्याशी कामापुरतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनेच घड्याळ आणून ठेवलं. मग रोज एक पेपर. दोन पर्याय उघड चुकीचे दिसले की उरलेल्या दोनांतल्या एकावर खूण करायची, थांबायचं नाही. चुका वाढल्या तशी ती कासावीस व्हायची. शेवटच्या पेपरात अठ्ठ्याऐंशी सोडवले, सहासष्ट बरोबर, बावीस चूक. बावीस चुका तिने आयुष्यात एका कागदावर पाहिल्या नव्हत्या. जुन्या रीतीने पंचाहत्तर टक्के, नव्या रीतीने साडेसाठ गुण. मी फक्त दुसरा आकडा लिहिला.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर उभा होतो. ती बाहेर आली.

"किती सोडवले?"

"ब्याण्णव."

"बरोबर किती असतील?"

"ते आता ते लोक काढतील. तू नको."

मुलाखतीचं पत्र आलं, त्यात गुण छापलेले नव्हते. त्यामुळे तिला नक्की किती मिळाले, ते मला आजतागायत ठाऊक नाही. पावसाळा संपता संपता ती लासलगावच्या शाखेत रुजू झाली.

ती वही माझ्याकडे आहे. मागे एकदा ती माहेरपणाला आली असताना मी ते लाल शाईचं ‘घसरण’ खोडायला घेतलं. तिने वही ओढून घेतली.

"राहू दे. त्या रविवारी पहिल्यांदाच मी माहीत नसताना खुणा केल्या होत्या. मजा आली होती मला. तुला सांगणार होते, पण तू तोवर टक्के काढले होतेस."

मी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.